पडावे, पण सांडू नये

‘स्थिर’ हा शब्द आपण किती सढळ हाताने वापरतो, पाहा! मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाची नोकरी स्थिर हवी. तुरीच्या डाळीचे भाव स्थिर हवेत. आजोबांची प्रकृती ‘स्थिर आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले की साऱ्या घराचा जीव भांड्यात पडतो. देवघरातल्या चौरंगाचे पाय स्थिर असावेत, राज्य करणारे सरकार स्थिर असावे आणि जमल्यास आपले चित्तही स्थिर असावे! एकाच शब्दाने आपण इतक्या ठिकाणी इतकी निरनिराळी कामे करून घेतो, की त्याचा खरा अर्थ विचारायला कुणाला सवड होत नाही.

मला ती सवड मिळाली, आणि तीही वळसंगसारख्या गावी. निमित्त झाले एका जुन्या लॅपटॉपचे.

वळसंग हे आमचे मूळ गाव. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. इथल्या बाजारात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात सुखाने नांदतात. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते. त्यांच्या येण्याने पावन झालेली विहीर गाव आजही पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. या गावात, आमच्या माळवदाच्या जुन्या घरात, माझी आत्या राहते. मी चौतीस वर्षे बँकेत आकडेमोड करून आता पुण्यात निवृत्तीचे दिवस मोजतो आहे. पण थंडी पडली की पाय आपोआप वळसंगकडे वळतात. ज्वारीचा हुरडा, शेंगाची चटणी आणि आत्याची बोलणी या तीन गोष्टी पुण्यात मिळत नाहीत.

या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन ठरले होते. हजार पौर्णिमा पाहायला माणसाला सुमारे एक्याऐंशी वर्षे लागतात. तेवढी वर्षे तिने जमा केली, आणि त्यांतली बरीचशी जात्यावर बसून. आता घरात दळणाला जाते लागत नाही. लग्नकार्यात हळद दळण्यापुरते ते निघते. पण आत्या जात्याच्या खुंट्याला हात लावते आणि ओव्या सुरू होतात. कुठल्याही वहीत नसलेल्या, तिच्या आईच्या आणि आजीच्या ओव्या. गेली आठ-दहा वर्षे ज्याला जमेल त्याने आपापल्या फोनवर त्या टिपून ठेवल्या होत्या. असे सतरा तुकडे जमले. ते नीट जोडून, वर नावे घालून समारंभाच्या दिवशी दाखवायचे, असे सर्वांनी ठरवले. आणि सर्वांनी ठरवलेली कामे जशी एकट्याच्याच गळ्यात पडतात, तसे हे काम माझ्या गळ्यात पडले!

माझा लॅपटॉप जुना. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि पुढची आवृत्ती सोसण्याइतकी त्या यंत्राची ताकद नव्हती. धाकट्या भावाची मुलगी संगणकातच काम करते. ती म्हणाली, “काका, टाकून कशाला देता? लिनक्स घालून देते. अजून पाच वर्षे पळेल.” फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेले हे काम आज जगातले हजारो लोक मिळून पुढे नेतात. लॅपटॉप पळू लागला. पत्रे लिहिता आली, हिशेब ठेवता आला. अडले ते फक्त संकलनापाशी.

‘संकलन’ हा सिनेमावाल्यांचा शब्द. पूर्वी तो कात्रीने आणि डिंकाने करायचा धंदा होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा कोरी फिल्म भोके न पाडलेली येई. अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच! कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता स्वतःच कॅमेरा घडवला. आपल्याकडचा सिनेमा असा घरातल्या खोलीत, घरच्याच माणसांच्या हातून जन्मला आहे. तेव्हा वळसंगच्या ओसरीवर बसून सतरा तुकडे जोडणे म्हणजे काही आकाशाला गवसणी घालणे नव्हे, असे मनाशी म्हणून मी कामाला लागलो.

लिनक्सवर संकलनाचे प्रोग्राम नाहीत असे नाही. उलट ते जास्तच आहेत. केडेनलाइव्ह आहे, शॉटकट आहे, ओपनशॉट आहे, फ्लोब्लेड आहे. त्रिमिती चित्रांसाठी नावाजलेल्या ब्लेंडरच्या पोटातही संकलनाची एक खोली आहे. शिवाय ‘लाइटवर्क्स’ आणि ‘दा विंची रिझॉल्व्ह’ ही बड्या घरची मंडळीही लिनक्सवर येतात. मार्टिन स्कोर्सेसीचे चित्रपट जोडणाऱ्या थेल्मा स्कूनमेकर बाईंचे हत्यार म्हणजे हेच लाइटवर्क्स. परंतु बड्या घरच्यांना जागाही मोठी लागते. माझ्या लॅपटॉपमध्ये तेवढा वाडा नव्हता.

मी एकामागून एक चार प्रोग्राम घातले. त्यांची नावे सांगत नाही. फुकट पाणी पाजणाऱ्याच्या तांब्याला नावे ठेवू नयेत. चौघेही पहिले दहा तुकडे आनंदाने घेत. अकरावा तुकडा ठेवला की कुणी जागच्या जागी गोठून बसे, कुणी न सांगता अंतर्धान पावे. कुणी तो घेई, पण दोन मिनिटांनी आत्याचे ओठ पुढे जात आणि आवाज मागून येई. जणू ओवी एकीची आणि तोंड दुसरीचे! भरीस भर म्हणून दुपारी गावची वीज जाई आणि बॅटरी दमलेली असल्यामुळे लॅपटॉपही तिच्यासोबत जाई.

आत्या अंगणात शेंगा फोडता फोडता विचारी, “सापडलं का रे तुझं ते?”

“सापडलं होतं. पडलं.”

“मग उचल की!” असे म्हणून ती पुढची शेंग फोडी.

आता हा अकरावा तुकडा वगळून टाकला असता तर काम संध्याकाळपर्यंत संपले असते. पण तो वगळणे शक्य नव्हते. तो आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, आपल्या जुन्या फोनवर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून घेतला होता. उजेड कमी, हात थरथरता. आत्या रंगात येऊन ओवी म्हणते आहे आणि मध्येच फोनच्या मागून आतोबांचा आवाज येतो, “अगं, भाकरी करपायली बघ!” ओवी तिथेच थांबते, आत्या हसत उठते आणि चित्र संपते. पुढच्याच वर्षी आतोबा गेले. त्यांचा आवाज असलेली एवढीच एक गोष्ट घरात उरली होती. घरातल्या जाणत्यांनी सुचवले, की भाकरीचे ते वाक्य कापावे, ओवीचा रसभंग होतो. आत्याने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “तेवढं राहू दे.”

म्हणून मला स्थिर प्रोग्राम हवा होता.

‘स्थिर’ शब्दाचा शोध मी तेव्हा गंभीरपणे सुरू केला. माझ्या लॅपटॉपवर पुतणीने घातलेल्या लिनक्सचे नाव डेबियन. इयान मर्डॉक नावाच्या तरुणाने १९९३ साली ते सुरू केले. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या पात्रांची नावे देतात. त्यांतली एक आवृत्ती ‘स्थिर’ म्हणून जाहीर केलेली असते, आणि जी कायमची ‘अस्थिर’, तिचे नाव ‘सिड’. हा सिड म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा द्वाड पोरगा! मला हे फार आवडले. परंतु डेबियनवाल्यांच्या ‘स्थिर’चा अर्थ ‘कधीच न पडणारे’ असा नाही. त्यांचा अर्थ आहे ‘तुमच्या हाताखाली न बदलणारे’. आज जिथे बटण आहे तिथेच ते उद्याही असेल. आणि आज जी खोड आहे ती बहुधा उद्याही असेल. आपल्या जुन्या नोकरमाणसासारखे! त्याच्या खोडी आपल्याला पाठ असतात, म्हणून तो भरवशाचा वाटतो.

हा झाला एक अर्थ. पण अकरावा तुकडा त्याने जुळेना. तेव्हा पडण्याचे कारणच समजून घ्यावे असे मी ठरवले. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. ते ऐकत, पुतणीला फोनवर छळत, मी हळूहळू आत शिरलो. आणि काय सांगू, आत मला माझी बँकच भेटली!

फोन चित्र साठवतो तेव्हा प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. एक चौकट पूर्ण, आणि पुढच्या कित्येक चौकटींत फक्त काय बदलले तेवढेच. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला शिल्लक लिहावी आणि नंतर नुसता जमा-खर्च टिपत जावे. जागा वाचते, परंतु सतरा तारखेची शिल्लक कुणी अचानक विचारली तर कारकुनाला पहिल्या तारखेपासून बेरीज करीत यावे लागते. संकलन करणारा माणूस तर दर क्षणाला मधल्याच तारखेची शिल्लक विचारतो! जुने यंत्र घामाघूम होते ते यामुळे.

अकराव्या तुकड्यात आणखी एक भानगड होती. उजेड कमी पडला की पुष्कळ फोन चौकटींची गती मंद करतात. सेकंदाला तीस चौकटी चालता चालता कुठे चोवीस, कुठे त्याहून कमी. आवाज मात्र ठरल्या चालीने पुढे जात असतो. टाळकरी एका लयीत आणि पखवाजवाला दुसऱ्या, असे ते भजन. प्रोग्राम बिचारा दोघांना सांभाळता सांभाळता तोंडघशी पडतो.

आणि प्रोग्राम बदलून तरी फरक का पडत नव्हता? केडेनलाइव्ह, शॉटकट आणि फ्लोब्लेड या तिघांच्या पोटात ‘एमएलटी’ नावाचे एकच इंजिन आहे. त्याच्याही खाली, या सगळ्याच मंडळींसाठी चित्र उलगडून देण्याचे काम बहुतांशी ‘एफएफएमपेग’ करते. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने ते २००० साली सुरू केले. म्हणजे खाणावळी वेगवेगळ्या, पाट्या वेगवेगळ्या; पण आत आचारी एकच! एका खाणावळीत खडा लागला म्हणून उठून दुसरीत जावे, तर तांदूळ त्याच पोत्यातले. तेव्हा खाणावळ बदलण्यापेक्षा तांदूळ निवडून घेणे शहाणपणाचे.

तांदूळ निवडणे म्हणजे काय? सतराही तुकडे आधी एकसारख्या गतीचे करून घेणे, आणि वहीत रोजच्या रोज शिल्लक लिहून काढणे. एफएफएमपेगला एका ओळीची आज्ञा दिली की ते हे काम मुकाट्याने करते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह तर असा लहरी तुकडा ओळखून ‘संकलनाला सोपा करून देऊ का?’ असे आपणहून विचारतात. वही जाडजूड होते, फायली कितीतरी पट फुगतात; पण कुठलेही पान क्षणात उघडते. रात्री जेवण झाल्यावर मी आज्ञा दिली. लॅपटॉप पहाटेपर्यंत दळत राहिला. एके काळी याच घरात पहाटे जात्याचा आवाज येई. आता पंख्याचा येत होता.

सकाळी अकरावा तुकडा ठेवला. तो बसला. आत्याचे ओठ आणि आत्याचा आवाज एकत्र आले. भाकरी जागच्या जागी करपली!

काम मी शेवटी केडेनलाइव्हमध्ये केले. डेबियनमधली जुनी आवृत्ती न घेता, ते लोक स्वतः देतात ती शिदोरी घेतली. शिदोरी यासाठी, की त्या एका फायलीत प्रोग्रामला लागणारे बहुतेक सामान बांधून दिलेले असते. घरात काय आहे आणि काय नाही याची त्याला फारशी फिकीर नसते. मोठ्या चित्रांच्या जागी कामापुरत्या लहान नकला वापरण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे जुन्या यंत्राचा दम टिकला. नावे घालायला अक्षरे हवी होती, ती ‘लोहित’ने दिली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकमध्ये घडलेला आणि २००४ साली सर्वांसाठी खुला झालेला हा टंक. त्यात ‘सहस्रचंद्रदर्शन’ हा जोडाक्षरांचा डोंगर एकही दगड न ढासळता उभा राहिला.

तरी दोनदा वीज गेलीच. एकदा तर ऐन चौदाव्या तुकड्याच्या मध्यावर. पण वीज आल्यावर प्रोग्राम उघडला तेव्हा त्याने नम्रपणे विचारले, की अर्धवट राहिलेले काम सापडले आहे, ते पुढे चालवायचे का? दोन-तीन मिनिटांची मजुरी गेली होती. बाकी सारे जिथल्या तिथे.

कुतूहलाने मी त्याची कामाची फाइल साध्या अक्षरांत उघडून पाहिली. आत चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर! अमुक तुकडा घ्या, इथून इथपर्यंत दाखवा, मग तमुक तुकडा. मला एकदम सोलापूरच्या चादरींचे माग आठवले. त्या मागांवर जॅकार्डची भोके पाडलेली पत्रे फिरत असतात. पत्र्यांत सूत नसते. कोणता धागा वर उचलायचा एवढाच हुकूम असतो. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निघालेली ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात उचलली. मागावर धागा तुटला तर विणकर गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. पत्रे शाबूत असली की चादरीची नक्षी बुडत नाही.

तिथे मला ‘स्थिर’चा माझ्यापुरता अर्थ सापडला. विहिरीवरून घागर घेऊन येणारी बाई ठेचाळत नाही असे नाही. पण सवयीची बाई ठेचाळली तरी घागर सांडू देत नाही. प्रोग्राम पडेल, वीज जाईल, यंत्र म्हातारे होईल. पण तो पडताना माझ्या हातचे काम सांडतो की सांभाळतो, आणि उद्या मी दुसऱ्याच्या ओसरीवर गेलो तर माझा मजकूर मला वाचू देतो की कुलपात ठेवतो, एवढे पाहावे. कधीच न पडणारा शोधत बसलो असतो तर हजार पौर्णिमांच्या दोन हजार झाल्या असत्या!

समारंभाच्या संध्याकाळी अंगणात पांढरे कापड ताणले आणि सतरा तुकडे दाखवले. अकराव्यात अंधारातून आतोबांचा आवाज आला, “अगं, भाकरी करपायली बघ!” पहिल्या रांगेत शालजोडी पांघरून बसलेली आत्या चटकन म्हणाली, “आले, आले,” आणि खुर्चीचे हात धरून अर्धी उठली. मग तिच्या ध्यानात आले. ती खाली बसली. कुणी काही बोलले नाही. पडद्यावर बारावी ओवी सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तीन प्रती केल्या. एक तिच्या कपाटात, एक पुण्याला, एक भाच्याबरोबर अमेरिकेला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चासुद्धा काही भागच आज शिल्लक आहे, मूकपटांच्या त्या काळातले बहुतेक चित्रपट तर समूळ नाहीसे झाले. मग आमच्या ओव्यांनी कशाच्या भरवशावर राहायचे?

आत्यानेही नेमके तेच विचारले. “आता हे कायम राहील न्हवं?”

मी म्हणालो, “राहील. पण दोन-चार वर्षांनी काढून बघावं लागेल, चालतंय का ते. खराब व्हायच्या आत नव्या डब्यात भरावं लागेल.”

“म्हणजे लोणच्यासारखं म्हण की!” आत्या म्हणाली, आणि कपाटाची किल्ली तिने माझ्याकडून मागून घेऊन कमरेला खोचली.